बोहले आणि नोंदवही

विवाह ही धर्माची संस्था आहे, सरकारने तीत हात घालू नये, असे म्हणणारे लोक आणि विवाह हा नागरिकाचा हक्क आहे, धर्माने त्यात तोंड घालू नये, असे म्हणणारे लोक यांचा वाद आपल्याकडे गेली काही वर्षे चालू आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहासंबंधीचा आपला निर्णय दिला, तेव्हा तर तो वाद घरोघर पोहोचला. त्या वर्षीच्या कोजागरीला आमच्या दिल्लीतील मराठी मंडळींत दूध आटेपर्यंत दुसरा विषय नव्हता. दोन्ही पक्ष हिरिरीने बोलत होते. परंतु एका गोष्टीवर दोघांचेही एकमत दिसले. आजवर बोहले धर्माच्या अंगणात होते आणि आता प्रथमच कोणी तरी ते उचलून सरकारी कचेरीत नेऊ पाहत आहे, असे दोन्हीकडील मंडळी धरून चालली होती. आमचा मतभेद आहे तो या समजुतीशी. बोहले आणि नोंदवही या दोन वस्तू हिंदुस्थानात दीडशे वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या आहेत. त्या कशा वेगळ्या झाल्या, आणि वेगळे होण्याची किंमत कोणी मोजली, हे सांगण्याचा येथे विचार आहे.

आम्ही केंद्र सरकारच्या सेवेतील एक कारकून. सरकारच्या धोरणावर भाष्य करणे आमच्या अधिकारात बसत नाही. परंतु नोंदवहीशी आमचा रोजचा संबंध आहे, आणि नोंदवहीचा इतिहास सांगण्यास कोणताही सेवानियम आड येत नाही. या इतिहासाकडे आम्ही वळलो ते एका साध्या प्रसंगामुळे. पन्नाशी ओलांडलेले आमचे एक सहकारी भविष्यनिर्वाह निधीचे नामनिर्देशनपत्र घेऊन एके दिवशी आमच्या मेजाशी आले. ते अविवाहित. एका मित्रासमवेत त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ संसार केला आहे. ‘संसार’ हाच शब्द त्यांनी वापरला. “यात यांना कोठे बसवायचे?” एवढाच त्यांचा प्रश्न होता. आम्ही नियम काढून दाखविला. निधीच्या १९६० च्या नियमांत ‘कुटुंब’ या शब्दाखाली पत्नी आहे, आईवडील आहेत, मुले आहेत, अज्ञान भाऊ आणि अविवाहित बहिणी आहेत. ज्याला असे कुटुंब आहे त्याला कुटुंबाबाहेरच्या माणसाचे नाव देता येत नाही. आमच्या सहकाऱ्यांची वृद्ध आई हयात होती. म्हणजे त्यांना ‘कुटुंब’ होते, आणि म्हणूनच ज्याच्याबरोबर आयुष्य काढले त्याचे नाव त्या कागदावर येणे शक्य नव्हते. त्यांनी आईचे नाव लिहिले, आभार मानले आणि ते निघून गेले. त्या दिवसापासून विवाहाची सरकारी नोंद मुळात कोणासाठी सुरू झाली, हे शोधण्याचा आम्हांस छंद लागला.

ती सुरू झाली बंगालमध्ये. केशवचंद्र सेन यांच्या नेतृत्वाखालील ब्राह्म समाजाचे तरुण मूर्तिपूजा टाकून, होमहवन टाकून, आणि पुष्कळ वेळा जातीची वेसही ओलांडून विवाह करू लागले होते. त्यांच्या दृष्टीने ते विवाह पूर्ण धार्मिक होते. ईश्वराला साक्षी ठेवून, प्रार्थना म्हणून लावलेले. परंतु कायद्याला त्यांची ओळख नव्हती. सरकारच्या मुख्य विधी अधिकाऱ्याचे मत विचारले, तेव्हा रूढ हिंदू विधी टाळून लागलेली ही लग्ने वैध नाहीत, असे उत्तर आले. त्याचा अर्थ असा की, त्या घरांतील स्त्री कायद्याने पत्नी नव्हती आणि मुले औरस नव्हती. धर्माच्या मंडपात लागलेले लग्न व्यवहारात टिकत नव्हते. म्हणून १८६८ मध्ये केशवचंद्रांनी सरकारकडे धाव घेतली.

विधिसदस्य हेन्री मेन यांनी त्याच वर्षी एक विधेयक मांडले. ज्यांना रूढ विधींनी लग्न लावणे मनास पटत नाही अशा, ख्रिस्ती नसलेल्या कोणाही एतद्देशीयांस सरकारी अधिकाऱ्यापुढे विवाह करता यावा, असा त्याचा आशय होता. प्रांतिक सरकारांनी विरोध केला. धर्मात राहूनही धर्माचे नियम मोडण्याची मुभा सरकार देऊ लागले तर धर्माचे बंधन उरणार नाही, ही त्यांची भीती. मेन यांच्यानंतर आलेले फिट्‌झजेम्स स्टीफन यांनी मग कायदा फक्त ब्राह्म लोकांपुरता करावयाचे योजिले. तेव्हा देवेंद्रनाथ ठाकूरांच्या आदि ब्राह्म समाजाने हरकत घेतली. आम्हीही ब्राह्मच आहोत, परंतु आम्ही हिंदू आहोत. आमची लग्ने हिंदू लग्ने आहेत. ‘ब्राह्म विवाह’ या नावाने कायदा झाला तर आमच्या लग्नांवर अकारण संशय येईल, असे त्यांचे म्हणणे होते.

या हरकतीला हसण्याचे कारण नाही. दुसऱ्यांना काही मिळू नये, असे आदि ब्राह्म समाजाचे म्हणणे नव्हते. आपले नाव आपल्या संमतीवाचून त्या वहीवर चढू नये, एवढीच त्यांची मागणी होती. आजही धर्मनिष्ठ मनुष्याच्या मनात जी धास्ती असते ती बहुधा याच जातीची असते. स्टीफन यांनी तिच्यावर तोड काढली. कायद्याच्या मथळ्यातून त्यांनी ब्राह्म हे नाव काढून टाकले. वहीवर कोणत्याच धर्माचे नाव असणार नाही, म्हणजे कोणत्याच धर्माला तक्रारीस जागा नाही. येथवर सारे ठीक होते. परंतु ते याहून एक पाऊल पुढे गेले आणि तेथे घात झाला. १८७२ चा तिसरा कायदा म्हणून जो विवाहकायदा मार्च महिन्यात मंजूर झाला त्यात अशी अट आली की, वधूवरांनी आपण ख्रिस्ती, यहुदी, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन यांपैकी कोणताही धर्म मानत नाही, असे लिहून द्यावे. ज्या वहीवर धर्माचे नाव नको होते, ती वही आता धर्म सोडल्याचा दाखला मागू लागली.

चौदा दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, वराचे वय किमान अठरा व वधूचे चौदा, आणि एकपत्नीत्व, या त्या कायद्याच्या इतर अटी. बालविवाह सर्रास होत होते त्या काळी ही मोठीच सुधारणा होती. तिची एक विचित्र परीक्षा सहा वर्षांनी झाली. ज्यांच्या खटपटीने कायदा झाला त्या केशवचंद्रांनी ६ मार्च १८७८ रोजी आपली कन्या सुनीती हिचा विवाह कुचबिहारच्या महाराजांशी करून दिला. वधू तेरा वर्षांची, वर पंधरा वर्षांचा, आणि सोहळ्यात हिंदू विधींचा शिरकाव. अनुयायी खवळले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात साधारण ब्राह्म समाज वेगळा झाला. आम्ही ही गोष्ट केशवचंद्रांना कमी लेखण्यासाठी सांगत नाही. नोंदवहीसाठी चार वर्षे झगडलेल्या माणसालाही बोहल्याची ओढ सुटत नाही, एवढेच त्यातून दिसते. ती ओढ खरी आहे, आणि कायद्याने ती तोडावी अशी अपेक्षाही कोणी करू नये.

याच सुमारास आपल्या महाराष्ट्रात दुसरी वाट चोखाळली जात होती. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापिला आणि २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात पुरोहितावाचून पहिला सत्यशोधक विवाह लागला. येथे मागणी निराळी होती. सत्यशोधकांनी सरकारपाशी वेगळी वही मागितली नाही. बोहले ठेवले आणि मध्यस्थ तेवढा काढला. त्यांवरही फिर्याद झालीच. १८८४ मध्ये जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे ग्रामजोशांना न बोलाविता लग्ने लागली, तेव्हा जोशीमंडळी आपला हक्क बुडाला म्हणून न्यायालयात गेली. प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि पुरोहिताची सेवाच ज्याने घेतली नाही त्याच्याकडून दक्षिणा वसूल करता येत नाही, असे ठरले. पुढे १९६७ मध्ये मद्रास राज्यात अण्णादुराई सरकारने पुरोहिताविना होणाऱ्या स्वाभिमान विवाहांना हिंदू विवाह कायद्यातच जागा करून दिली, ती याच वाटेवरची पुढची मजल.

अशा रीतीने दोन वाटा झाल्या. पहिलीवर चालणारे धर्माच्या आत राहून विधी बदलीत होते. दुसरीवरचे लोक, धर्माचे धर्मापाशी ठेवून, सरकारने आमच्या संसाराची नोंद तेवढी घ्यावी, असे म्हणत होते. पहिल्या वाटेवर धर्माशी वाद अटळ आहे. दुसरीवर तो नसावयास हवा. परंतु १८७२ च्या त्या प्रतिज्ञालेखाने तो तेथेही आणून बसविला. ज्यांचा देवावर विश्वास होता, धर्मावर प्रेम होते, फक्त जात निराळी होती, अशा शेकडो जोडप्यांपुढे दोनच मार्ग उरले. एक तर लग्न करू नये, किंवा कचेरीत उभे राहून आपण हिंदू नाही असे खोटे लिहून द्यावे. जन्माची गाठ बांधताना पहिली सही असत्यावर करावयाची!

ही अट काढण्याचा यत्न भूपेंद्रनाथ बसू यांनी १९११ मध्ये केला; तो फसला. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी हिंदूंच्या आंतरजातीय विवाहांना मान्यता देणारे विधेयक आणले. त्यावर देशभर गदारोळ झाला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी विधेयकास जाहीर पाठिंबा दिला आणि तेवढ्यावर न थांबता १९१९ मध्ये आपल्या संस्थानापुरता तसा कायदाही केला. ब्रिटिश मुलखात मात्र पटेलांचे विधेयक बारगळले. अखेर हे काम साधले हरिसिंग गौर यांना. सागरला जन्मलेले, मध्यप्रांतात वकिली केलेले, नागपूरच्या सार्वजनिक जीवनात वावरलेले आणि दिल्ली विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले हे गृहस्थ. त्यांच्या खटपटीने १९२३ मध्ये १८७२ च्या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना धर्म न नाकारता आपसांत नोंदणीविवाह करता येऊ लागला.

परंतु वहीने एक जकात सोडली आणि दुसरी बसविली. या कायद्याने विवाह करणारा मनुष्य एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असे धरावयाचे. त्याला दत्तक घेता येणार नाही. देवस्थानाचा वा धर्मादायाचा मान त्याच्याकडे राहणार नाही. त्याच्या बापाला दुसरा मुलगा नसेल तर बापाने दत्तक घेण्यास हरकत नाही! या शेवटच्या तरतुदीचा अर्थ आमच्यासारख्या कारकुनास चटकन कळतो. तो मुलगा जिवंत असताना त्याची जागा रिक्त समजून ती भरण्याची मुभा देण्यात आली होती.

तरीही लोक विवाह करीतच राहिले. आमच्या या दिल्लीतच, १५ एप्रिल १९४८ रोजी, स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणीपद्धतीने विवाह केला. हार्डिंज अ‍ॅव्हेन्यूवरील बंगल्यात झालेल्या त्या लहानशा समारंभात भटजी नव्हता. सारा देश ज्याच्या हातून घटनेचा मसुदा करून घेत होता, त्यालाही जातीबाहेरच्या विवाहासाठी हीच वही उघडावी लागली. पुढे हिंदू संहितेचे विधेयक रखडले म्हणून १९५१ च्या सप्टेंबरात त्यांनी राजीनामा दिला हे सर्वश्रुत आहे.

१९५४ मध्ये विशेष विवाह कायदा झाला आणि १ जानेवारी १९५५ पासून तो अमलात आला. धर्म नाकारण्याची अट गेली. कोणत्याही दोन धर्मांच्या स्त्रीपुरुषांस आपापला धर्म राखून विवाह करता येऊ लागला. इतकेच नव्हे तर विवाहाचा समारंभ वधूवरांना आवडेल त्या पद्धतीने करण्यास त्यात मोकळीक आहे. तीन साक्षीदारांदेखत ठरावीक शब्द उच्चारले म्हणजे कायद्याचे समाधान होते. स्टीफन यांनी जे साधावयास हवे होते ते अशा रीतीने ब्याऐंशी वर्षांनी साधले. एकत्र कुटुंबातून विभक्त होण्याचे कलम मात्र तसेच राहिले. १९७६ च्या दुरुस्तीने ते दोघेही हिंदू असलेल्या जोडप्यांपुरते गेले. हिंदू आणि मुसलमान यांच्या विवाहात हिंदू जोडीदारास ते आजही लागू आहे. तीस दिवसांची जाहीर नोटीसही आहेच. तिच्यामुळे प्रेमविवाह करणाऱ्या कित्येक मुलामुलींची नावे त्यांच्या नातलगांच्या हाती पडतात.

हा सारा इतिहास मनात ठेवून आता २०२३ च्या खटल्याकडे पाहावे. समलिंगी संबंध हा दंडविधानाच्या ३७७ व्या कलमाखाली गुन्हा होता, तोवर कचेरीच्या दारी येण्याचा प्रश्नच नव्हता. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरते ते कलम दूर केले. त्यानंतर काही जोडपी न्यायालयात आली. एप्रिल २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींपुढे सुनावणी सुरू झाली, तेव्हा न्यायालयाने आरंभीच सांगितले की, निरनिराळ्या धर्मांच्या वैयक्तिक कायद्यांत आम्ही शिरणार नाही. विचार होईल तो १९५४ च्या कायद्याचा. म्हणजे प्रश्न बोहल्याचा नव्हताच, वहीचा होता. तरीही काही धार्मिक संस्था विरोध करण्यासाठी न्यायालयात उभ्या राहिल्या. ज्या वहीवर त्यांचे नावही नाही, त्या वहीत कोणाची नोंद व्हावी याची त्यांना चिंता होती. १८७१ मध्ये आदि ब्राह्म समाजाने याच्या नेमके उलट मागितले होते, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

निर्णय जोडप्यांच्या विरुद्ध गेला. विवाहाचा निरपवाद असा मूलभूत हक्क घटनेत नाही आणि १९५४ च्या कायद्याचा अर्थ ओढून समलिंगी विवाह त्यात बसविता येत नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. अशा जोडप्यांच्या सहजीवनास तरी कायद्याची मान्यता असावी काय, यावर तीन विरुद्ध दोन असे मत पडून बहुमताने नकार दिला. पुनर्विलोकनाच्या याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. या निर्णयाला आम्ही अडाणीपणा म्हणणार नाही. त्यातील अडचण खरी आहे. त्या कायद्यात वराचे वय एकवीस आणि वधूचे अठरा आहे. पोटगी पत्नीला आहे. घटस्फोटाची काही कारणे फक्त पत्नीसाठी आहेत. वारसा, दत्तक, निवृत्तिवेतन यांचे कितीतरी धागे ‘पती’ आणि ‘पत्नी’ या दोन खुंट्यांना बांधले आहेत. एक धागा ओढला तर काय काय उसवेल याचा हिशेब न्यायालयाने नव्हे, संसदेने करावा, असे न्यायमूर्तींनी म्हटले. परंतु ही अडचण मसुदा तयार करणाऱ्याची आहे, धर्मशास्त्राची नव्हे. १८७२, १९२३, १९५४ आणि १९७६ या चारही सालांचा अनुभव असा की, मसुद्याच्या अडचणी मसुद्यानेच सुटतात.

धर्म आणि कायदा यांच्या हद्दी अशा प्रसंगी कशा राखाव्यात याची उदाहरणे इतर देशांत आहेत. डेन्मार्कने १९८९ मध्ये समलिंगी जोडप्यांसाठी निव्वळ सरकारी नोंद सुरू केली. चर्चमधील विवाह त्यांना २०१२ मध्ये मिळाला, आणि तेव्हाही ज्या धर्मगुरूच्या मनाला तो पटत नाही त्याला नकार देण्याची मोकळीक ठेवली. इंग्लंडने २०१३ च्या कायद्यात स्पष्ट लिहिले की, कोणत्याही धर्मसंस्थेवर वा धर्मगुरूवर असे लग्न लावण्याची सक्ती होणार नाही. इंग्लंडच्या अधिकृत चर्चला तर त्यातून वगळलेच. तेथे कचेरीत नोंद झाली म्हणून एकाही देवळाचा दरवाजा कोणी फोडला नाही. हे सर्व प्रश्नाचे एकमेव उत्तर आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु धर्माचा मान आणि नागरिकाची नोंद ही दोन्ही एका वेळी राखता येतात, एवढे त्यावरून सिद्ध होते.

धर्मनिष्ठ वाचकास आम्ही नम्रपणे एवढेच सांगू की, आपल्या बोहल्यावर कोण चढावे हे ठरविण्याचा आपला अधिकार कोणी हिरावून घेऊ नये. आदि ब्राह्म समाजाची हरकत आम्ही त्याच भावनेने वाचतो. परंतु सरकारी वहीत कोणाची नोंद व्हावी याचा निर्णय बोहल्यापाशी नाही. तो जेव्हा जेव्हा तेथे सोपविला गेला, तेव्हा कोणाला खोटी सही करावी लागली, कोणी जिवंतपणी बापाच्या घरातून वजा झाला. धर्माचे त्यात काय रक्षण झाले हे आम्हांस या इतिहासात कोठे सापडले नाही.

न्यायालयापुढे सरकारने दिलेल्या आश्वासनानुसार मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली एक समिती झाली. २०२४ च्या ऑगस्ट अखेरीस बँकांसाठी स्पष्टीकरण निघाले की, समलिंगी जोडप्यांना संयुक्त खाते उघडण्यास आणि जोडीदाराचे नाव नामनिर्देशित करण्यास आडकाठी नाही. शिधापत्रिकेवर त्यांना एक कुटुंब समजण्याच्या सूचनाही गेल्या. वहीचे एखाददुसरे पान उघडू लागले आहे म्हणावयाचे. आमच्या सहकाऱ्यांना ते परिपत्रक आम्हीच नेऊन दाखविले. त्यांनी दोनदा वाचले आणि खिशात घातले.

त्यांचे ते जुने नामनिर्देशनपत्र आमच्याच कपाटात आहे. परवा काही कामासाठी ते काढले. नाव आईचे आहे. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या असतात. त्यांतील एक सही आमच्या कार्यालयातील माणसाची नाही, हे तेव्हा आमच्या लक्षात आले नव्हते. पत्ता पाहिला. तो आमच्या सहकाऱ्यांच्या घराचाच आहे. वीस वर्षे ज्या माणसाने त्यांचा संसार सांभाळला, त्याला त्या कागदावर साक्षीदाराच्या रकान्यात जागा मिळाली. नियमाप्रमाणे त्यात काहीही चूक नाही. आम्ही कागद पुन्हा जागच्या जागी ठेवून दिला.